चौथा बाण

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

लहानू इदे माझ्या मागे दोन पावलांवर उभा होता. एका हातात माझा रंगाचा डबा, दुसऱ्या हातात कोयता. त्याने दगडाकडे पाहिलं, मग वर कड्याकडे पाहिलं, मग पुन्हा दगडाकडे.

"माकडं असतील सर."

"माकडं चिखल लिंपतात?"

"या घळीतली लई वंगाळ हायेत."

आदल्या दिवशी दुपारी मी पाण्यातल्या दोन दगडांवर दोन बाण रंगवले होते. आता दोन्ही दगडांवर बोटभर जाडीचा चिखल होता. तो नीट थापलेला होता, कडेपर्यंत, घरातली बाई चूल सारवते तसा. मधे चार बोटं उमटली होती. ती बोटं माकडाची नव्हती, हे कळायला चित्रकलेचा मास्तर असायची गरज नव्हती. मी तर होतोच.

आमच्या गिरिभ्रमण मंडळातल्या दिघ्यांनी निघताना सांगितलेलं वाक्य तेव्हा जे डोक्यात शिरलं ते पुढचे तीन दिवस निघालं नाही. "टिपणीस, तिकडचे वाटाडे बाण पुसतात बरं का. बाण असले की त्यांना कोण विचारतो?"

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलची. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि सुट्टी लागली की डोंगरात जात होतो. कळमदऱ्याच्या अभयारण्यात एक पायवाट आखायचं ठरलं होतं. तलावाच्या काठाने सुरू होऊन घळीत शिरायचं, घळीच्या टोकाला पाखरधार नावाचा धबधबा, तिथून वर पठारावर. एक मे रोजी चाळीस जणांची पहिली तुकडी येणार होती. घळीला मधेच एक फाटा फुटतो. त्या फाट्याने चुकून गेलं तर माणूस सरळ दुसऱ्या कड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो, आणि धुकं असेल तर उभा राहतोच असं नाही. म्हणून बाण हवे होते, आणि बाण काढायला मंडळाला माझ्याइतका सरळ हाताचा माणूस मिळाला नव्हता. हे दिघ्यांचं म्हणणं. मला ते फार आवडलं होतं.

लहानू त्याच गावचा, पंचेचाळिशीचा, महादेव कोळी. अंगाने काटक, बोलायला कमी. अनवाणी चालायचा आणि आपण बूट घालून धापा टाकत असताना पुढे थांबून विडी ओढायचा. पायवाट सुरू झाली की तिच्यावर एक वाटरक्षक नेमला जाणार होता. लहानूला ती जागा हवी होती. दरवर्षी पेरण्या झाल्या की तो बायकोला घेऊन बागायतीच्या मुलखात कामाला जायचा, ते जाणं त्यामुळे थांबणार होतं. आणि कुणाला नेमायचं ते माझ्या अहवालावर ठरणार होतं. हे त्याला ठाऊक होतं. "सर, तुमची चिठ्ठी असली का झालं," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

पहिला दिवस तसा छान गेला होता. गावाच्या वेशीवर वाघदेवाचा दगड आहे, तिथे लहानूने हात जोडले, मीही जोडले. बोटाला लागलेलं कपाळाला लावलं आणि पुढे निघालो. घळीच्या तोंडाशी, वाटेच्या कडेला एक उभा कातळ होता. तिथे मी पहिला बाण काढायला बसलो आणि डबा उघडला. लहानू वाकून आत बघत राहिला.

"सर, ह्यो रंग लावायचा?"

"हो. का?"

"पांढरा न्हाय का आणला?"

मला हा प्रश्न फारच आवडला. शाळेत कुणी असले प्रश्न विचारत नाहीत. मी धुळीत काटकीने एक वर्तुळ काढलं, त्याचे सहा भाग केले. कोणत्या रंगासमोर कोणता रंग येतो, हिरव्या झाडीत आणि काळ्या कातळात केशरी कसा शंभर पावलांवरून उठून दिसतो, पांढरा कसा पाखरांच्या विष्ठेत हरवतो, हे सगळं त्याला समजावलं. चांगली दहा मिनिटं. तो उकिडवा बसून ऐकत होता.

"कळलं?"

"कळलं सर." मग जरा थांबून म्हणाला, "पर ही बायांची वाट हाय."

"मग त्यांनाही उपयोग होईल."

तो हसला नाही. मी ब्रश बुडवला.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या बाणाखाली मला चाफ्याची दोन फुलं आणि चिमूटभर तांदूळ दिसले. मी शहरातला माणूस, पण उतारा म्हणजे काय ते मला माहीत होतं. परक्या माणसाच्या वाटेत असलं काही ठेवलं की तो घाबरून जातो, हेही ऐकून होतो. मी बुटाच्या टोकाने ते बाजूला सारलं. लहानूने ते पाहिलं आणि मान फिरवली. त्याच दुपारी मी पुढचे दोन बाण पाण्यातल्या दगडांवर काढले. तिथे घळ इतकी अरुंद होते की दोन्ही हात पसरले तर दोन्ही कडे हाताला लागतात. मधे डोह आहे, छातीएवढा, तळाला शेवाळ. त्यात ओळीने तीन मोठे दगड आहेत. एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत पलीकडे जायचं, पलीकडे गोड्या पाण्याचा झिरा, त्याच्या पुढे धबधबा. दुसरी वाट म्हणजे डाव्या कड्यातली कपार. ती पुरुषभर उंचावर, जेमतेम पाऊल मावेल एवढी, आणि भर उन्हाळ्यातही ओलसर. मी ती पहिल्याच दिवशी बाद केली होती.

तर त्या दोन बाणांवर तिसऱ्या दिवशी सकाळी चिखल, आणि लहानू म्हणतो माकडं.

मी चिखल धुतला. तिसऱ्या, सगळ्यात रुंद दगडावर माझा चौथा बाण काढला. तो माझा सगळ्यात देखणा बाण होता, दोन वीत लांब, टोक असं की पेन्सिलीने आखावं. परत येताना माझ्या लक्षात आलं, लहानू माझ्या बाणांना पाय लागू देत नाही. दगडाच्या अगदी कडेला टाच टेकून उडी मारतो. एकदा तर घसरता घसरता वाचला. आदल्या दिवशी मला वाटलं होतं ओल्या रंगाला जपतोय. आज वाटलं, उद्या कुणी विचारलं तर पायाला रंग सापडायला नको म्हणून.

"उद्या सकाळी लवकर येऊ," मी म्हणालो.

"सकाळी नको सर. मधमाश्या उठत्यात. दुपारी येऊ."

"आज सकाळी नव्हत्या?"

"आज नव्हत्या. उद्या असतील."

इतकं वाईट खोटं मी दहावी-ब मधेही ऐकलं नव्हतं. तरी मी बरं म्हणालो. दुपारी गेलो तर तिन्ही बाण स्वच्छ. नको इतके स्वच्छ. आजूबाजूचा कातळ उन्हाने कोरडा ठणठणीत आणि तेवढे तीन दगड ओले. मी गुडघे टेकून पाहिलं, दगडाच्या चिरांमध्ये चिखल अडकला होता. म्हणजे हा माणूस सकाळी बाण बुजवतो आणि मी यायच्या आत धुऊन ठेवतो. कशासाठी, ते मला कळत नव्हतं, आणि न कळल्यामुळे मी अधिकच चिडलो. मला वाटलं रंगीत तालीम चालली आहे. एक मेच्या सकाळी चाळीस माणसं घळीत उभी, बाण गायब, आणि हा पुढे होऊन म्हणणार, या माझ्या मागं. मग कोण नाकारणार त्याला ती जागा?

पाचव्या दिवशी झुंजुमुंजू होताना मी एकटाच घळीच्या काठावर जाऊन पालथा पडलो. खाली अजून निळसर अंधार होता. थोड्या वेळाने लहानू आला. खाली बसला, डोहाच्या कडेचा चिखल ओंजळीत घेतला आणि एकेक दगड लिंपू लागला. घाईत होता. मधे मधे घळीच्या तोंडाकडे बघत होता. चौथ्या बाणापाशी त्याने आधी दगडाला हात लावून कपाळाला लावला, मग चिखल थापला. ही नौटंकी कुणासाठी तेवढं मला समजलं नाही. मी खाली उतरून त्याला तिथेच विचारू शकलो असतो. चाळीस पावलं होती फक्त. पण मला विचारायचं नव्हतं, मला पकडायचं होतं. मी उठलो आणि तलावाच्या काठावरच्या चौकीत गेलो.

वनपाल खरात शांत माणूस होता. सगळं ऐकून म्हणाले, "लहानू? असं करणारा नाही तो."

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग उद्या बोलावून घेतो."

"सकाळीच बोलवा," मी म्हणालो. "उजाडायच्या आत. सकाळीच त्याचं काम चालतं."

सहाव्या दिवशी पहाटे पहारेकरी त्याला घेऊन आला. मी आणि खरात चहा घेत होतो. लहानूने मला तिथे बसलेलं पाहिलं आणि त्याला कळलं. त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं.

"लहानू, सरांचे बाण तू बुजवतोस?" खरातांनी विचारलं.

तो जमिनीकडे बघत राहिला. "साहेब, आता जाऊ द्या. दुपारी येतो. सगळं सांगतो."

"आत्ताच सांग की."

"आत्ता न्हाय. उजाडाया लागलंय. तेवढी सकाळ सोडा."

"बघा," मी म्हणालो. "सकाळच हवीय त्याला."

"काय काम आहे सकाळी?" खरात म्हणाले.

लहानूने माझ्याकडे असं पाहिलं की मीच डोळे वळवले. मग हळूच म्हणाला, "सर हसतील."

"हसत नाही. बोल."

"चांगुणा जाती पाण्याला," तो म्हणाला. चांगुणा त्याची बायको. "समद्याच बाया जात्यात. गावची हीर आटली."

"मग?"

"मंग काय न्हाय. मला जाऊ द्या."

"बायका पाण्याला जातात आणि तू दगड लिंपतोस," मी म्हणालो. "काही मेळ लागतो का खरातसाहेब?"

खरातांनाही लागला नाही. त्यांनी त्याला बाकावर बसायला सांगितलं. तो बसला नाही, दारात उभा राहून घळीच्या दिशेने बघत राहिला. ऊन तलावावर आलं. माझा दुसरा चहा झाला. मग घळीच्या बाजूने एक बाई धावत आली, डोक्यावरचा पदर गळ्यात, हातात रिकामी चुंबळ. तिने ओरडून लहानूचं नाव घेतलं, आणि तो एक शब्द न विचारता पळत सुटला.

मी पोचलो तेव्हा चांगुणा कपारीखालच्या खडकांवर पडलेली होती. डाव्या पायाचं हाड गुडघ्याखाली बाहेर आलेलं. हंडा डोहात तरंगत होता. पाच-सहा बाया तिच्याभोवती बसल्या होत्या. लहानू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, आणि ती दात घट्ट आवळून एकच म्हणत होती, "पाय न्हाय दिला मी. पाय न्हाय दिला."

"त्या कपारीतून कशाला गेलात?" मी ओरडलो. खरंच ओरडलो. "समोर दगड आहेत की! रोज दगडांवरून जाता ना?"

एक म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दगडांकडे हात केला.

"देवावर पाय देऊन जाऊ का, बाबा?"

मी दगडांकडे पाहिलं. सहा दिवसांत पहिल्यांदा मी ते माझे बाण म्हणून न बघता पाहिले. काळ्या दगडावर शेंदूर. पाण्यात ओळीने बसलेले तीन देव, आणि तिन्हींच्या पुढ्यात ताजा चाफा. वेशीवरच्या वाघदेवाचा हाच रंग मी माझ्या हाताने कपाळाला लावला होता. आमच्या गल्लीतला मारुती, आजोळचा म्हसोबा, सगळे याच रंगाचे. जन्मभर मी त्या रंगापुढे चपला काढत आलो होतो, आणि डबा उघडताना मला फक्त वर्तुळाचे सहा भाग आठवले.

घोंगडीला बांबू बांधून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणली. चौघांपैकी एक खांदा माझा होता. जीप येईपर्यंत आम्ही आंब्याखाली थांबलो, तेव्हा मी लहानूला बाजूला घेतलं.

"अरे, मला सांगायचं नाही का?"

"पयल्या दिशीच सांगितलं सर. तुम्ही धुळीत चाक काढून दावलं."

"पण नंतर तरी—"

"बाया रंगाला देव समजत्यात असं सांगितलं असतं तर तुम्ही चिठ्ठीत काय लिवलं असतं? अडाणी गाव. असा माणूस कोन ठेवल वाटंवर?" त्याने डोळे पुसले. "आन मलाबी कुठं ठाव व्हतं, देव हाय का रंग. चार दिस बाया जाईस्तवर चिखलानं झाकू, तुम्ही गेलं का घासून टाकू म्हनलं."

मला त्याचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. जीप आली.

त्या संध्याकाळी मी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन एकटा घळीत गेलो. तोंडाशी असलेला बाण घासून काढला, पाण्यातले पहिले दोन काढले. चौथ्यापाशी ती म्हातारी बसली होती. म्हणाली, आता याला हात लावायचा नाही. याने एक पाय घेतलाय, आता हा जागृत आहे. मी तिला रंगाचा डबा दाखवला, ब्रश दाखवला. तिने डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "देवाला आणणारा कोनतरी लागतोच की."

अहवालात मी लहानूची शिफारस केली, तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिली. पण वाटरक्षकाच्या जागेवर दुसऱ्याच गावचा माणूस आला. चौकीवर बसवलेला माणूस, एवढंच वर पोचलं होतं. पायवाट घळीतून न जाता वरच्या अंगाने गेली. त्या वाटेवर बाण पांढरे आहेत. ते मी काढले नाहीत.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी तिकडे फिरकलो नाही. मागच्या एप्रिलमध्ये गेलो, निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली तेव्हा. गावात आता नळ आहे. घळ पाहायला माणसं येतात, डोहाजवळ लोखंडी कठडा आहे, आणि कठड्याशी एक बाई टोपलीत करवंदं घेऊन बसते. कुबडी शेजारी ठेवलेली होती. मी करवंदांचा द्रोण घेतला आणि तसाच उभा राहिलो.

"रंगवाले सर ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली. लहानूचं विचारलं. दोन वर्षांपूर्वी तापाने गेला, म्हणाली.

डोहातला तिसरा दगड अजून केशरी होता. रंग बराच उडालेला. पुढ्यात वाळलेला चाफा. तिकडे बोट करून एक पोरगी दुसरीला सांगत होती की हा बाणोबा आहे, फोटो काढायचा नाही.

"चांगुणाबाई," मी म्हणालो, "तो देव नाही. तो मी—"

"ठाव हाय मला. त्याच सांजंला दवाखान्यात सांगितलं यांनी."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाही?"

तिने करवंदांवरची माशी हाकलली. "देवानं पाय घेतला म्हनलं का सोसतं सर. मानसानं घेतला म्हनलं का जलमभर त्याच्या नावानं बोटं मोडत बसावं लागतं. मला कामं व्हती."

तिने टोपलीखालून एक वाटी काढली, तेलात कालवलेला शेंदूर होता तिच्यात.

"पावसात उडतो," ती म्हणाली. "दर साली हेच लावायचे. ते गेल्यापासून तसंच राहिलंय. मला न्हाय उतरवत. तुम्ही लावता का? तुमचा हात सरळ हाय म्हनायचे."

मी बूट काढले, विजार गुडघ्यांपर्यंत दुमडली. त्याचा काही उपयोग होणार नव्हता. दगडांवरून न जाता पाण्यात उतरलो, छातीपर्यंत भिजलो, आणि वाटी डोक्यावर धरून तिसऱ्या दगडाशी गेलो. जुन्या थरांखाली माझा बाण अजून लागतोय का ते बोटांनी चाचपून पाहिलं. लागला नाही. मग मी सगळा दगड हाताने माखून काढला, कडेपर्यंत, आणि वर येऊन वाटी तिला परत दिली.